शोधनिबंधावर नाव कोणाचे?

विंचूदंशाच्या ६० रुग्णांवर निबंध तयार आहे. विभागप्रमुख म्हणतात, ‘परवानगी मी दिली, माझं नाव हवंच.’ घालावे का? (निवासी डॉक्टर, रत्नागिरी)

नुसत्या परवानगीवर लेखकपद मिळत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने (आयसीएमजेई) चार अटी घातल्या आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात: आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा कसून तपासून सुधारणे, अंतिम मसुद्याला संमती, आणि उद्या आकड्यांवर शंका आली तर जबाब देण्याची तयारी. चौथी अट २०१३ साली आली. मानाखातर नाव घालून घेणारे नेमके तिथेच अडकतात. खाटा, निधी, परवानगी यांची जागा आभारात. तीही त्या व्यक्तीची लेखी संमती घेऊन.

मात्र अभ्यासाची कल्पना सरांची असेल, तर मसुदा त्यांना पाठवाच. मसुदाच न दाखवता ‘त्यांनी लिहिण्यात भाग घेतला नाही’ म्हणून वगळणे हीसुद्धा लबाडीच. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला तुमचे फॉर्म भरणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तर हमखास विसरतात. त्यांनाही मसुदा द्या. पुढच्या वेळी नावे आणि त्यांचा क्रम पहिला रुग्ण घेण्याआधीच कागदावर उतरवून सह्या घ्या.

भातलावणीच्या मजुरांना आठवड्याला डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) टळतो का, याची चाचणी केली. नियतकालिक सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची भारतीय नोंदवही) क्रमांक मागते. आता नोंदणी होईल? (कुडाळ)

नाही. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी होते. नैतिकता समितीची मंजुरीही चाचणी झाल्यावर घेता येत नाही. तारीख मागे ओढू नका, समितीच्या इतिवृत्तात ती उघडी पडते. नोंदणी झाली नव्हती हे संपादकांना आधीच कळवा. बरेच जण नाकारतील. तो नकार पदरात घ्यावा लागेल.

माकडतापाच्या (जंगलातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या तापाच्या) रुग्णाच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी लावली. पुरे ना? (दोडामार्ग)

मुळीच नाही. पट्टीने ओळख लपत नाही, हे संपादक कधीचे सांगत आहेत. आपल्याकडे तर फोटोचीही गरज नसते. ‘अमुक वाडीतला, काजूच्या बागेत राबणारा, ४३ वर्षांचा, मे महिन्यात दाखल’ एवढ्यावर अख्खा गाव नाव सांगेल. वाडी आणि महिना काढा, वय ‘चाळिशीतला’ करा. पण निदानाला लागणारा तपशील बदलू नका, तो खोटेपणा ठरेल. जंगलात वावर होता, हे राहू द्या. मग मराठीतले संमतिपत्र घ्या. मजकूर इंटरनेटवर कुणालाही दिसेल आणि एकदा छापल्यावर मागे घेता येणार नाही, हे त्यात लिहा. फोटो असेल तर छापायचा तोच दाखवा. रुग्ण दगावला असेल तर जवळच्या नातेवाइकांची संमती घ्या. सही केलेला कागद रुग्णालयात ठेवा, मागितल्याशिवाय नियतकालिकाला पाठवू नका.

‘तीन दिवसांत स्वीकृती’ असा एका नियतकालिकाचा मेल आला, निबंध पाठवला. आता माघारीसाठी पैसे मागतात. (अलिबाग)

पैसे देऊ नका, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. निबंध मागे घेत असल्याचे मेलने कळवा, प्रत जपा. उत्तर आले नाही तरी गुपचूप दुसरीकडे पाठवू नका. उद्या पहिल्यांनी तो छापून टाकला तर दुबार प्रकाशनाचा ठपका तुमच्यावर येईल. नव्या संपादकांना सगळा पत्रव्यवहार जोडून आधी विचारा.