होम फोल्डरमधलं ओपनएसएसएल पायथनला का सापडत नाही?

ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) तुम्ही होम फोल्डरमध्ये टाकलंत, पायथन बिल्ड करताना ‘--विथ-ओपनएसएसएल’ला तोच पाथ दिलात, तरी ‘इम्पोर्ट एसएसएल’ चालत नाहीये. आधी त्या फोल्डरमध्ये एलएस मारून बघा. लिब नसून लिब६४ दिसलं, तर अर्धं कोडं तिथेच सुटलं. ६४ बिट इंटेल लिनक्सवर ओपनएसएसएल ३ आपल्या फाइली लिब६४मध्ये ठेवतं, आणि पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांची कॉन्फिगर स्क्रिप्ट मात्र लिबमध्ये शोधते. ओपनएसएसएल पुन्हा कॉन्फिगर करा, ‘--लिबडिर=लिब’ देऊन.

उरलेलं अर्धं रन करताना अडतं. बिल्डच्या वेळी लिंकरला (प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या टूलला) दिलेला पाथ प्रोग्राम सुरू करणाऱ्या लोडरला आपोआप कळत नाही; तो सिस्टीमच्या ठरलेल्या जागाच बघतो. म्हणून पाथ बायनरीतच कोरायचा. पायथन ३.१० पासून त्यासाठी ‘--विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो’ आहे. हा पर्याय देऊन पायथन पुन्हा कॉन्फिगर करण्याआधी ‘मेक डिस्टक्लीन’ नक्की करा, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात आणि दुरुस्ती करूनही तोच एरर बघत बसाल.

बिल्ड झाल्यावर _एसएसएल मॉड्यूलच्या .एसओ फाइलवर एलडीडी (फाइलला लागणाऱ्या लायब्ररी कुठे सापडतात ते दाखवणारी कमांड) चालवा. लिबएसएसएलसमोर ‘नॉट फाउंड’ऐवजी तुमचा पाथ दिसला की काम झालं.

लोडरला जादा जागा सांगणारा ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हा व्हेरिएबल चाचणीपुरता ठीक. पण कृपा करून तो बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना दरवेळी चालणाऱ्या फाइलीत) कायमचा टाकू नका. सिस्टीमचे कर्ल, गिटसुद्धा मग तुमचं ओपनएसएसएल उचलू शकतात.