गाताना माझ्या आवाजात हवा मिसळते. दम वाढवूनही जात नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून गाता, मोबाइलवर रेकॉर्ड केलं की स्वरामागे सतत ‘हऽऽ’ असं ऐकू येतं, आणि भरपूर प्राणायाम करूनही काही फरक नाही. त्याने पडणारही नाही. श्वास तुमच्याकडे पुरेसा आहे, तो वाया जातोय.

काळी चारचा मध्य सा लावता तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण 208 वेळा मिटतात आणि उघडतात. दर वेळी ते पुरते मिटले नाहीत, तर राहिलेल्या फटीतून हवा सळसळत निघते. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते ती हीच. अशात श्वासाचा जोर वाढवणं म्हणजे पेटीचा फाटलेला भाता आणखी जोरात मारणं. घाबरू मात्र नका. तरुण मुलींच्या निरोगी गळ्यातही तंतूंच्या मागच्या टोकाला थोडी फट सर्रास असते.

गळती आहे का हे घरी बघता येतं. पोटभर श्वास घेऊन ‘स्स्स’ किती सेकंद चालतो ते मोजा. मग तेवढाच श्वास घेऊन ‘झाड’मधल्या झची नुसती घरघर लांबवा. दोन्ही वेळा जवळपास सारख्या यायला हव्यात. स वीस सेकंद गेला आणि झ बाराला संपला, तर प्रश्न दमसासाचा नाही, मिटण्याचा आहे.

दुसरं, हवा नेमकी कुठल्या स्वरांवर येते? फक्त मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात येत असेल तर आधी पट्टीवर संशय घ्या. क्लासमध्ये पंधरा मुली एका पट्टीत गातात, कारण पेटी एक आणि सर एक. अर्धा सूर वर-खाली करून बघा. काहींचं दुखणं एवढ्यावरच संपतं.

सगळीकडेच हवा असेल तर रियाज. मराठी माणसाला इथे एक आयती सोय आहे. भ, घ, म्ह, न्ह म्हणताना आपण दिवसभर आवाजात हवा सोडतो आणि पुढच्याच क्षणी बंद करतो. मध्य सा वर ‘बा’ लावा, मग ‘भा’, पुन्हा ‘बा’. ‘भा’ची सुरुवात हवेची असते आणि मग आकार, म्हणजे लांबवलेला ‘आ’, स्वच्छ होतो. तो स्वच्छ होण्याचा क्षण गळ्यात ओळखा आणि हळूहळू अलीकडे आणा. नंतर ‘मा–म्हा–मा’ करा. अनेक जणी आकार सुरू करताना नकळत ‘हा’ म्हणतात, ते या खेळात लगेच कानावर येतं. आवाज मध्यमच ठेवा. फार हळू गायलात तर हवा येणारच.

जोडीला स्ट्रॉ. पेल्यात दोन बोटं पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ बुडवून एकच स्वर गुंजारवत बुडबुडे काढा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. तोंडाशी थोडा अडथळा असला की तंतू कमी कष्टात नीट कंप पावतात. स्वरोपचारात ही पद्धत रुळलेली आहे. पाच मिनिटं करा आणि लगेच साधा आकार लावून बघा.

खर्जाबद्दल, म्हणजे मंद्र सप्तकातल्या रियाजाबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. खर्ज हवाच, पण हवेचा आवाज घेऊन पहाटे तासभर मंद्र षड्ज घासत बसलात तर हवेचाच रियाज होतो. स्वर जिथपर्यंत भरीव राहतो तिथपर्यंतच उतरा, मग तो मंद्र पंचम असला तरी चालेल.

आणि कृपा करून गळा आवळून हवा बंद करू नका. ऐकायला आवाज टोकदार होतो, पण तंतू एकमेकांवर आपटतात आणि कालांतराने गाठी येऊ शकतात. गाठी आल्या की त्यांच्या दोन्ही बाजूंना फट राहते, म्हणजे हवा परत हजर. बोलतानाही आवाज बसलेला वाटत असेल आणि तीन-चार आठवड्यांत सुटत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीने तंतू दाखवा. तोवर वरच्या सगळ्या कसरती बंद.

एकदा बंद करता आली की हवा हा दोष राहत नाही. आशाबाईंनी उसासे आणि श्वास किती हिशेबाने वापरलेत ते कान देऊन ऐका. भावगीतात ओळीचा शेवटचा शब्द हवेत सोडला तर सुंदर वाटतो. फक्त त्यासाठी माइक जवळ हवा. टाळ-पखवाजाच्या भजनात माइकशिवाय असा आवाज लावलात तर पहिल्या रांगेलाही शब्द कळणार नाहीत. तिथे खुलाच लावा.