सावळ्या गालांवर कोणती लाली?

प्रश्न : ताई, मी तासगावजवळच्या गावात राहते. वय ३४, रंग सावळा. आमची द्राक्षबाग आहे, दिवसभर उन्हात असते, त्यामुळे गालांवर वांगही आलेत. नणंदेच्या लग्नासाठी गुलाबी ब्लश आणला, पण लावला की गालांना राख फासल्यासारखं दिसतं. सासूबाई म्हणतात, क्रीममध्ये चिमूटभर कुंकू कालवून लाव, आम्ही तेच करायचो. काय करू?

उत्तर : दोष त्या डबीचा आहे, तुमच्या रंगाचा अजिबात नाही. फिकट गुलाबी ब्लशमध्ये लाल रंग थोडा आणि पांढरी पूड जास्त असते. गोऱ्या गालावर ती पांढरी पूड खपून जाते, सावळ्या गालावर मात्र वर तरंगत राहते.

सांगलीत पार्लर सुरू केलं तेव्हा माझ्याही हातून हेच झालं होतं. एका करवलीला ट्यूबलाइटखाली बसवून मी असाच गुलाबी रंग लावला. आरशात बरा दिसला. मग मंगल कार्यालयाच्या अंगणात, अकराच्या उन्हात तिला पाहिलं तर दोन्ही गाल करडे. ती मला एका शब्दानं बोलली नाही. खांबाआड जाऊन रुमालानं गाल पुसत होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून कुणालाही आधी दारात, उजेडात उभं करते आणि मगच रंग ठरवते.

तुम्हीही तसंच करा. उजेडात आरसा घ्या, खालचा ओठ बोटानं जरा ओढा आणि आतला रंग बघा. तुमच्या अंगातली लाली ती. त्याच्या जवळचा ब्लश घ्या. सावळ्या रंगाला विटकरी, डाळिंबी, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा असे रंग खुलतात. डबीत ते भडक वाटतील, घाबरू नका. ब्रशचं नुसतं टोक टेकवा, मनगटावर एकदा झटका आणि मग लावा. दुकानात हातावर लावून बघायचं असेल तर फुटपाथवर येऊन बघा.

लावताना हसू नका. हसलं की गाल वर येतो, हसू थांबलं की खाली, आणि लाली नको तिथे उतरते. नाकापासून दोन बोटं सोडून गालाच्या हाडावरून कानाकडे हलक्या हातानं न्या. लग्नसराईच्या उकाड्यात टिकायला हवी असेल तर आधी क्रीम ब्लश बोटानं थापटून लावा, त्यावर कॉम्पॅक्ट आणि शेवटी त्याच रंगाच्या पावडर ब्लशचा एक हात. पावडरवर क्रीम मात्र चढवू नका, गुठळ्या होतात.

वांगावर थेट लाल रंग लावला तर डाग जास्त उठून दिसतो. आधी तेवढ्याच जागी नारिंगी करेक्टरचा, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमचा, पातळ थर द्या. पण खरं काम बागेत जाताना लावलेलं सनस्क्रीन आणि तोंडावरून घेतलेला स्कार्फच करतो. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून गोरं करणारी ट्यूब आणू नका. तसल्या कित्येक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते. त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा.

आता कुंकवाचं. सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, पूर्वी कुंकू हळदीपासून करायचे. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. आपल्या सांगलीच्या पेठेत हळदीला काय तोटा! पण आज बाजारातल्या पुष्कळशा कुंकवात कृत्रिम रंग असतो. टिकली-कुंकवाच्या ॲलर्जीनं कपाळावर काळा डाग पडलेल्या बायका माझ्याकडे येतात. तुमच्या गालांवर आधीच वांग आहेत, तिथे हा धोका नकोच. सासूबाईंना दुखवू नका. कुंकू कपाळाला लावा, गालाला नको.

नवी डबी आणली की कानामागे जरासं लावून दोन दिवस थांबा. खाज आली नाही तरच चेहऱ्याला लावा. तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी खरेदी नको.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. ब्लशमध्ये किडे असतात असं मैत्रीण म्हणाली. खरं आहे का? (सांगली)

उत्तर : काहींमध्ये असतात, मैत्रीण खरं बोलली. कार्माइन नावाचा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून काढतात. डबीच्या मागे घटकांच्या यादीत ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ दिसलं तर घेऊ नका. ‘सीआय ७७४९१’ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड, ते खनिज आहे. एकट्या त्या आकड्यावर मात्र जाऊ नका, एकाच डबीत दोन्हीही असू शकतात. पूर्ण यादी वाचा, आणि छापील यादीच नसलेली सुटी डबी स्वस्त मिळाली तरी परत ठेवा.

प्रश्न : वय ५८, निवृत्त शिक्षिका. पावडर ब्लश सुरकुत्यांत बसतो. आता सोडून द्यावा का? (मिरज)

उत्तर : मुळीच सोडू नका, बाई. पावडरऐवजी क्रीम ब्लश घ्या. आधी मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं मुरू द्या, मग मसुराएवढा ब्लश अनामिकेनं थापटा. जागा पूर्वीपेक्षा बोटभर वर घ्या. शाळेतल्या कार्यक्रमाला जाणार असाल तर खिडकीपाशी बसून लावा.