जिप्सम घेण्याआधी एक ढेकूळ पाण्यात टाकून बघा भाऊ

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपड्याकडं तापीकाठी चार एकर काळी जमीन, बोअरचं पाणी, बरीच वर्षं कापसावर कापूस, मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच) ८.७ आणि सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के, पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी साचतं. दुकानदार म्हणतो एकरी चार बॅगा जिप्सम म्हणजे कॅल्शियमचं खनिज आणि ह्युमिक अ‍ॅसिडचा डबा टाका, भाचा म्हणतो हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, आणि तुम्ही विचारताय यातलं नेमकं काय करू. माझी जमीन यावल तालुक्यात, त्यातली दोन एकर अशीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडतात म्हणून घाबरू नका, काळ्या जमिनीचा तो स्वभावच आहे, भेगेतून वरची माती खाली जाते आणि जमीन आपली आपण उलटते. काळजीची गोष्ट आहे ती साचणारं पाणी. माझे वडील म्हणायचे "कागद नंतर देख, पयले माटी हातमा लीसन देख", आणि त्यात तथ्य आहे कारण त्या पत्रिकेत १२ गोष्टी तपासलेल्या असतात, सामू, ईसी म्हणजे क्षारांचं प्रमाण, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, पण जमीन चोपण म्हणजे सोडियम वाढून चिकट झालेली आहे की नाही हे ज्यावरून ठरतं तो ईएसपी म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा टक्का त्यात नसतो. तो १५ च्या वर गेला की चोपण. हे वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं, ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून बघा.

तोपर्यंत घरी एक करा. वाळलेलं बोराएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, बोअरचं पाणी अजिबात घेऊ नका, आणि न हलवता दोन-तीन तास ठेवा. ढेकूळ फुटून खाली बसलं पण पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा त्रास नाही, जमीन फक्त थकलेली आहे. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर समजा सोडियम बसलाय, तो मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो, सुटे झालेले बारीक कण जमिनीची भोकं बुजवतात, म्हणून पाणी मुरत नाही. आणि शेतात जमिनीच्या वर नुसता पांढरा फुफाटा येत असेल आणि ईसी जास्त असेल तर ती खारवट जमीन, तिला जिप्सम लागतच नाही, तिला चर आणि गोड पाणी लागतं, क्षार धुवून बाहेर काढायला.

आता समजा चोपण निघाली. तर एकरी चार बॅगा म्हणजे २०० किलो, त्यानं काही होणार नाही. भुईमुगाला गंधक म्हणून तेवढं ठीक आहे, पण सोडियम हटवायला जिप्सम टनात लागतं. माझ्या दोन एकराला प्रयोगशाळेनं एकरी दोन टन सांगितलं होतं, मी निम्मं पहिल्या वर्षी आणि निम्मं दुसऱ्या वर्षी टाकलं. वरच्या चार बोटं मातीतच मिसळायचं, नांगरून खोल पुरायचं नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जायला हवा, म्हणजे चर आधी, जिप्सम नंतर. मी पहिल्या वर्षी हे उलटं केलं, चर न काढता जिप्सम पसरलं, पाणी जाणार कुठं, सगळा सोडियम तिथंच राहिला आणि ऑगस्टात शेत पुन्हा तसंच चिकट. ते पैसे गेले याचं आजही वाईट वाटतं. नंतर उताराच्या बाजूला तीन फूट खोल चर काढला आणि मग फरक दिसला.

बोअरचं पाणीही तपासून घ्या. त्यात आरएससी म्हणजे उरलेल्या सोडियम कार्बोनेटचा आकडा असतो, तो २.५ च्या वर असेल तर तुम्ही दरवर्षी जिप्सम टाकाल आणि दरवर्षी तेच पाणी सोडियम परत आणून बसवेल.

आपल्या बहुतेक जमिनीत चुनखडी भरपूर आहे. मातीवर सौम्य अ‍ॅसिडचा एक थेंब टाका, फसफसली की चुना आहे. अशा जमिनीत जिप्समऐवजी गंधकही चालतं, जमिनीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते चुना विरघळवतं आणि जमिनीतलंच कॅल्शियम मोकळं होतं. साधारण २०० किलो गंधक म्हणजे एक टन जिप्समचं काम, पण ओलावा आणि वेळ लागतो. आणि एक हात जोडून सांगतो, व्हिडिओ बघून चुना किंवा चुलीची राख टाकू नका, ते सल्ले आम्लधर्मी जमिनीचे असतात, आपल्याकडं त्यानं सामू आणखी चढतो.

आता ताग की धैंचा, तेही हिरवळीचं खत म्हणून गाडायचं पीक. चोपण आणि पाणी साचणारी असेल तर धैंचाच, तागाला पाय पाण्यात चालत नाहीत. धैंच्याची मुळं श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यानंही चुनखडी थोडी विरघळते, म्हणून जिप्सम अधिक धैंचा ही जोडी एकटीएकटीपेक्षा चांगली लागू पडते. जमीन नुसती थकलेली असेल तर ताग. एकरी २० किलो बी, ४५ ते ५० दिवसांनी फुलकळी दिसायला लागली की गाडायचा. मी एकदा मजूर मिळेना म्हणून ७५ दिवसांवर नेला, खोड लाकडासारखं झालं, ते कुजवायला जिवाणूंनी जमिनीतलाच नत्र ओढला आणि वर लगेच लावलेलं पीक महिनाभर पिवळं उभं राहिलं. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं कुट्टी करून गाडतानाही हेच होतं. जाळू नका, जरूर गाडा, पण थोडा युरिया आणि शेणस्लरी बरोबर द्या, आणि गाडल्यावर दोन-तीन आठवडे ओल टिकू द्या.

कर्बाचं मात्र खरं ते सांगतो कारण इथं लोकांची निराशा होते. एक एकराची वरची सहा इंच माती म्हणजे ढोबळ ९ लाख किलो. कर्ब ०.३६ चा ०.४६ करायचा म्हणजे ९०० किलो कार्बन टिकवायचा. तागाचा हिरवा पाला एकरी सात-आठ टन धरा, वाळून दीड टन, त्यात कार्बन सहा-साडेसहाशे किलो, आणि आपल्या उन्हात त्यातला बहुतेक वर्षाच्या आत हवेत जातो, हाती शंभरेक किलो राहिला तरी पुष्कळ. म्हणजे एका तागानं आकडा हलणार नाही, पण जमीन मोकळी होते आणि पुढच्या पिकाला नत्र मिळतो, त्यासाठी तो करायचा. आकडा हलवायला कुजलेलं शेणखत, पऱ्हाटी, केळीचे खांब, वर्षानुवर्षं. ह्युमिकच्या डब्याचं ९ लाख किलोसमोर वजन किती ते तुम्हीच बघा, मी तर ते पैसे शेणखतात घालीन.

कापसाच्या चार एकरात जागा कुठून आणायची हा तुमचा खरा प्रश्न. परदेशात हिवाळ्यात रान मोकळं असतं तेव्हा आच्छादन पीक घेतात, आपल्याकडं रब्बीत तसं केलं तर ते जमिनीतली ओलच पिऊन टाकेल. म्हणून दरवर्षी एकच एकर कापसातून काढा, जूनमध्ये धैंचा, ऑगस्टात गाडला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच ओलीवर दादर म्हणजे रब्बी ज्वारी नाहीतर हरभरा. चार वर्षांत चारही एकर फिरतील, आणि दादरीचा कडबा घरच्या जनावरांना. उरलेल्या तीन एकरात कापसाच्या दोन ओळींच्या मध्ये ताग पेरून ३५-४० दिवसांनी कापून तिथंच आंथरा, तणही दबतं.

पुढं कधी केळी लावणार असाल तर बागेत आच्छादन म्हणून चवळी घेऊ नका, काकडीवर्गीय वेलही नको. मावा त्यांच्यावर येतो आणि सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग केळीत आणतो, आमच्या भागात त्यापायी उभ्या बागा उपटाव्या लागल्यात. केळीच्या आधी ताग घेतलेला चांगला, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी त्यानं कमी होतात.

आधी ग्लासात काय दिसलं ते आणि बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट इथं टाका, शेताला उतार कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, मग चर कुठून काढायचा आणि जिप्सम किती ते बघू. तोवर दुकानदाराला थांबवा.