पोट्ट्यायले घेऊन नाल्याकाठी जा

भाऊ, चिखलदऱ्याचा खर्च आत्ताच नका करू, रविवारची उपासना झाली अन् उन्हं कलली की डबा बांधा अन् पोट्ट्यायले घेऊन गावच्याच नाल्याकाठी जा. फेब्रुवारी-मार्चमधे ईस्टरआधीचा उपवासकाळ असते अन् तेव्हाच पळस फुलते, झाडाखाली गुपचूप थांबलं तर फुलातला रस प्याले मैना, बुलबुल येतात, तिथंच बायबलातलं मत्तय 6:26 काढा, येशूनं पाखरायकडं बघा म्हटलं ते पोट्ट्यायलेच वाचू द्या. तुम्ही प्रवचन देऊ नका, खरंच सांगतो, लेकरं कंटाळतात. वाट त्यायलेच शोधू द्या, पाय भिजले तर भिजू द्या! जेवणाआधीची प्रार्थना सगळ्यात लहान लेकरानं करावी, ते मुंगळ्यासाठी पण देवाले धन्यवाद म्हणते, म्हणू द्या. पाणी जास्त घ्या अन् अंधाराआधी परत फिरा, नाल्यात रानडुकरं उतरतात.