फादर म्हणू, पाळकसाहेब म्हणू की रेव्हरंड?

प्रश्न: आमच्या सोसायटीत यंदा पहिल्यांदाच नाताळचा कार्यक्रम ठेवलाय. पाहुणे दोन, नाना पेठेतले एक कॅथलिक फादर आणि गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चचे एक पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू. सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. सेक्रेटरी म्हणतात दोघांनाही 'पाद्रीसाहेब' लिहून टाका. पत्रावर काय लिहू आणि माईकवर काय म्हणू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: पाद्रीसाहेब नको. शब्द मुळात वाईट नाही, पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आलाय, अर्थ वडील, म्हणजे फादरच की, पण आपल्याकडे तो माणूस समोर नसताना त्याच्याबद्दल बोलायचा शब्द होऊन बसलाय, तोंडावर म्हटला की परका वाटतो आणि तुम्ही तर कार्यक्रम आपलेपणासाठी ठेवलाय.

नाना पेठेतल्यांचं सोपं आहे. बोलताना नुसतं 'फादर', पुढे 'जी' नको, 'सर' नको. पाकिटावर 'रेव्हरंड फादर' आणि पूर्ण नाव. फक्त छापील पत्रातला 'सहकुटुंब' शब्द त्यांच्या प्रतीवरून आठवणीने काढा, कॅथलिक फादर लग्न करत नाहीत. सोबत नन आल्या तर त्यांना 'सिस्टर'.

पंचहौदचं चर्च म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 मध्ये सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेलं. इथल्या पाळकांना लग्नाची मुभा असते, त्यामुळे 'सहकुटुंब' अवश्य ठेवा. पाकिटावर 'रेव्हरंड' आणि पूर्ण नाव, पाळक बाई असल्या तरी हेच. पण माईकवरून 'रेव्हरंड, आपण दोन शब्द बोला' असं मात्र म्हणू नका. मी एकदा म्हणाले होते आणि समोरच्या आजींनी नंतर जवळ बसवून समजावलं, अगं ते आपल्या ह.भ.प. सारखं आहे, बोर्डावर ह.भ.प. लिहितो पण हाक मारताना बुवा नाहीतर महाराजच म्हणतो ना? तसं रेव्हरंड लिहायला, हाक मारायला 'पाळकसाहेब'. मला तेव्हापासून हे कधी विसरायला झालं नाही.

इंग्रजी नियमाप्रमाणे रेव्हरंड आणि नुसतं आडनाव चूक धरतात, पण मराठीत आपण कवी ना. वा. टिळकांना कधीपासून रेव्हरंड टिळक म्हणतोच, त्यामुळे निवेदनात तसं आलं तर मी तरी चूक म्हणणार नाही.

एक बारकावा, पंचहौदला पूर्वी कौली फादर्स नावाच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, धर्मगुरूंच्या संघाचं काम होतं, म्हणजे तिथेही 'फादर' शब्द जुनाच आहे. म्हणून निमंत्रणाचा फोन कराल तेव्हाच सरळ विचारून घ्या, 'आपल्याला मंडळी काय म्हणतात?' कोणाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. उद्या बिशप आले तर बोलताना 'बिशपसाहेब', आणि लिहिताना कॅथलिक बिशपना 'मोस्ट रेव्हरंड', चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या बिशपना 'राईट रेव्हरंड'. नावाचं स्पेलिंगही त्याच फोनवर घ्या, पाकिटावर खाडाखोड केलेलं नाव फार वाईट दिसतं.