पाना उचलण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, येत्या महिन्यापासून तू आपल्या सायकल प्रकल्पात शिकाऊ कारागीर म्हणून रुजू होणार असल्याचे समजले. फार बरे वाटले. पणजीच्या वर्कशॉपमध्ये एकदा काम सुरू झाले की दाराशी माणसे उभी असतात, कोणी कोकणीत, कोणी हिंदीत, कोणी कन्नडमध्ये आपली तक्रार सांगत असतो, आणि त्या गडबडीत शिकवणाऱ्याला ‘हे आवळ, ते सैल कर’ यापलीकडे काही सांगायला सवड मिळत नाही. जे सांगायचे राहून जाते ते आधीच लिहून पाठवावे, असे वाटले.

हात चालवायला कोणीही काही महिन्यांत शिकतो. दोष नेमका कुठे आहे आणि तो का आला, हे शोधायला मात्र मुद्दाम शिकावे लागते, आणि माझा सारा आग्रह त्यासाठी आहे. कारण सापडल्याशिवाय पाना लावायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घे.

सायकल आत आली की ती लगेच उलटी करू नकोस. मालकाचे म्हणणे पुरते ऐकून घे, मग आवारात स्वतः एक फेरी मारून बघ. ‘खटखट वाजते’ ही तक्रार वारंवार येते आणि तिच्यापायी लोकांचे पैसेही बरेच वाया जातात, कारण घाईचा कारागीर दोन थेंब तेल सोडतो, चार नट आवळतो आणि सायकल परत देतो. तू त्या आवाजाचा ताल मोज. पेडल मारणे थांबवून सायकल नुसती पुढे जाऊ दिल्यावर आवाज थांबला, तर दोष पेडल, क्रँक (पेडल ज्यावर बसते तो दांडा), मधला ॲक्सल किंवा चेन यांपैकी कशात तरी आहे. चालूच राहिला, तर चाकाकडे बघ. पेडलच्या प्रत्येक फेरीत एकदाच आणि त्याच जागी खट् होत असेल, तर साध्या काळ्या सायकलमध्ये कॉटर पिन, म्हणजे क्रँकला मधल्या ॲक्सलवर घट्ट धरणारी खुंटी, सैल असण्याची शक्यता मोठी असते. दर अडीच फेऱ्यांनी होत असेल, तर चेनची एखादी कडी जाम झालेली असते: पुढच्या चक्राला ४४ दाते आणि चेनला ११०च्या आसपास कड्या असल्या, की चेनची एक फेरी पुरी होईपर्यंत पेडलच्या अडीच फेऱ्या होतात. हा हिशोब ज्याच्या कानात बसला, त्याला निम्मी सायकल खोलून बघावी लागत नाही.

कॉटर पिनचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगून टाकतो. ही पिन नट आवळून आत ओढायची नसते; ती हातोडीने ठोकून बसवायची आणि नटाने केवळ जागेवर धरून ठेवायची. ठोकण्यापूर्वी क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकव, म्हणजे घाव पाइपमधून जमिनीत उतरेल. तो आधार दिला नाही तर तोच घाव ॲक्सलभोवतीच्या छर्ऱ्यांवाटे ते ज्यात फिरतात त्या वाटीवर बसतो, वाटीत बारीक खळगे पडतात, आणि थोड्याच दिवसांत मालक नवीच तक्रार घेऊन दाराशी येतो. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात. तसे झाले नाही तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि साध्या सायकलच्या मधल्या ॲक्सलची चेनच्या बाजूची वाटीही उलट्या आट्यांची असते, हेही ध्यानात ठेव. एखादी गोष्ट सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी आपण फिरवतो आहोत ती दिशा तपासावी.

पंक्चरचे काम तुला पहिल्याच दिवशी देतील, आणि ते हलके समजू नकोस. ट्यूब बाहेर काढण्यापूर्वी हवा भरून व्हॉल्व्हवर थुंकी किंवा पाणी लावून बघ. बुडबुडा आला तर आतली रबरी नळी कुजलेली असते आणि ती बदलली की काम संपते. टायर उतरवायचाच असेल, तर व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरासमोर आहे ते आधी बघून ठेव, म्हणजे ट्यूबमधले छिद्र सापडल्यावर टायरमधली तीच जागा शोधता येते. छिद्र कुठे आहे यावरून ते कशाने पडले ते कळते. बाहेरच्या अंगाला एकच छिद्र असेल तर काटा, काच किंवा तार. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलेले आहे. आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा चाकाच्या एखाद्या तारेचे (स्पोकचे) टोक निपलमधून, म्हणजे तिला रिमशी धरणाऱ्या छोट्या नटातून, वर आले आहे. पॅच लावताना घिसाई नीट कर, सोल्यूशन पातळ लाव आणि बोटाला ओले लागेनासे होईपर्यंत थांब. नवशिक्यांचे बहुतेक पॅच सुटतात ते ओल्या सोल्यूशनवर दाबल्यामुळे. आणि टायरच्या आतून बोट फिरवल्याशिवाय ट्यूब परत घालू नकोस. काटा तिथेच राहिला असेल तर पॅच कितीही चांगला असला तरी सायकल वाटेतच बसणार.

आता चाकाविषयी, कारण या कामातला सगळ्यांत सुंदर भाग मला तोच वाटतो. पहाटे भोंगा वाजवत पाव विकत फिरणारे पोदेर आपल्याकडे येतात. त्यांच्या मागच्या कॅरिअरवर मोठी टोपली असते, सायकल रोज मैलोगणती फिरते आणि मागच्या चाकाची तार पुन्हापुन्हा तुटते. मागच्या चाकाला ४० आणि पुढच्याला ३२ तारा देण्याची साध्या सायकलची जुनी रीत आहे ती भार मागे जास्त पडतो म्हणूनच. एक तार तुटली, एक बदलली, पुढच्या आठवड्यात शेजारची तुटली, असा क्रम सुरू झाला की समजावे, तुटलेल्या तारेचा दोष नव्हता. बाकीच्या तारा सैल होत्या. सैल तारेवर चाकाच्या प्रत्येक फेरीत ताण येतो आणि जातो, आणि चाकाच्या मधल्या हबपाशी जिथे ती वाकलेली असते तिथे ती थकून तुटते. तेव्हा सगळे चाक हाती घे. दोन-दोन तारांना बोटाने छेडून आवाज ऐक. एकाच बाजूच्या तारांचा सूर साधारण सारखा लागला पाहिजे. मग ब्रेकच्या रबराजवळून रिम फिरवून आउट, म्हणजे ती बाजूला किती डोलते ते, बघ. रिम डावीकडे येत असेल तर त्या ठिकाणच्या उजव्या तारा आवळ आणि डाव्या तेवढ्याच सैल कर, पण एका वेळी निपलला पाव फेरीपेक्षा जास्त नाही. टायरच्या बाजूने बघितले तर निपल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळते. हबच्या बाजूने बघणाऱ्याला ते उलटे दिसते, आणि सुरुवातीला सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून दाब. काही तारा कुरकुरतील, पीळ सुटेल, आणि आउट पुन्हा थोडा निघेल. तो काढून मगच चाक दे. या कामाला एक तास लागला तरी लागू दे. पोदेराची सायकल बंद पडली तर त्याची त्या दिवसाची विक्री जाते.

गोव्यात काम करणाऱ्याने आणखी एक कारण कायम डोळ्यांसमोर ठेवावे, ते म्हणजे खारी हवा आणि पाऊस. मिठागरांच्या बाजूने, रायबंदरच्या बांधावरून रोज येणारी सायकल आणि समुद्रापासून दूरच्या सत्तरी तालुक्यातून आलेली सायकल यांना गंज सारखा चढत नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवते. त्यामुळे निपले जागेवर जाम होतात, ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये घट्ट बसून निघेनासा होतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात फ्रेमच्या नळ्यांत पाणी साठून मधल्या ॲक्सलपाशी उतरते. म्हणून सीटपोस्टला ग्रीस लावल्याशिवाय तो कधी बसवू नकोस, आणि पावसाळ्यात सर्व्हिसिंगला आलेल्या सायकलचा सीटपोस्ट काढून ती उलटी धरून बघ. किती पाणी निघते ते मालकालाही बघू दे. चेनला खोबरेल किंवा खाद्यतेल घालणारे बरेच जण भेटतील. ते काही दिवसांत चिकट होते आणि चिऱ्याच्या तांबड्या मातीची पूड धरून बसते. मग ती पूड कड्यांच्या पिना झिजवते. चेन झिजली का हे १२ इंचांच्या पट्टीने कळते: नव्या चेनमधल्या कड्यांच्या १२ पूर्ण जोड्या बरोबर १२ इंच भरतात. पिनेपासून पिनेपर्यंत १/१६ इंच जास्त भरले की चेन बदलावी. १/८ इंच होईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हील (मागच्या चाकाचे दातेरी चक्र) आणि पुढचे चक्रही गेलेले असते, आणि गरीब माणसाला तो खर्च कित्येक पटींनी पडतो. स्टीलच्या रिमवर पाणी पडले की ब्रेकची पकड फार कमी होते, हे मात्र दुरुस्तीने जाण्यासारखे नाही; ते मालकाला स्पष्ट सांगावे आणि ॲल्युमिनियमची रिम परवडत असेल तर सुचवावी.

गिअरच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकलींची घाई करू नकोस. आधी वाटी, कोन (छर्ऱ्यांना वाटीत धरणारा शंकूसारखा नट) आणि छर्रे बोटांना कळू देत. बाकीचे त्यावर आपोआप चढते. डिस्कच्या जवळ तेलाचा स्प्रे न्यायचा नाही, एवढे तूर्त पुरे.

आता जे प्रकल्पात वेगळे आहे ते. बाजारातल्या दुकानात कारागीर काम करतो आणि सायकलचा मालक बाकावर बसतो. आपल्याकडे पाना मालकाच्या हातात द्यायचा असतो, आणि हे तुला सुरुवातीला जड जाईल, कारण समोरचा माणूस दहा मिनिटांचे काम पाऊण तास करतो आणि आपले हात शिवशिवतात. तरी हात मागे ठेव. दिवाडीहून किंवा चोडणहून फेरीबोटीने सायकल घेऊन आलेल्या माणसाची चेन पुन्हा रात्री घरी उतरली, तर तिथे तू नसणार. त्याने स्वतः एकदा चढवलेली असेल तरच ती चढेल. दोष सापडला की तो तोंडाने सांगून थांबू नकोस, त्यालाही दिसू दे: सैल कोन असेल तर त्याचे बोट रिमवर ठेवून चाक बाजूला हलवून दाखव, झिजलेली चेन असेल तर पट्टी त्याच्याच हातात दे. बायकांना आणि मुलींना शेजारी उभे ठेवून त्यांच्या सोबतच्या पुरुषाशी बोलण्याची खोड अनेक दुकानांत आहे. ती आपल्याकडे शिरू देऊ नकोस. सायकल जिची, तिच्याशी बोलायचे आणि पाना तिच्याच हातात द्यायचा.

लोकांनी दिलेल्या जुन्या सायकलींतून आपण चालणाऱ्या सायकली तयार करतो. हे जमते, कारण साध्या काळ्या सायकलची मापे वेगवेगळ्या कंपन्यांत बरीचशी एकच राहिली आणि एकीचा भाग दुसरीला बसतो. टायरवर लिहिलेल्या इंचांवर मात्र विसंबू नकोस: २६ × १-३/८ हा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर माउंटन सायकलचा २६ × २.१ हा ५५९ मिलिमीटरच्या. दोन्ही ‘सव्वीस’च म्हणवतात आणि एकमेकांच्या जागी बसत नाहीत. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत मिलिमीटर छापलेले असतात, ते वाच.

भंगारात काय टाकायचे, यावर माझे मत कठोर आहे. हँडलच्या नळीपाशी रंगाला आडवी चीर दिसली, तर तो भाग घासून खालचा धातू बघ. चीर धातूत असेल तर ती फ्रेम कोणालाही द्यायची नाही. पुढचे चाक धरणारा चिमटा वाकलेला असेल तर तो सरळ करून पुन्हा वापरायचा नाही. देणगीदार समोर उभा असला, मूल त्या सायकलकडे आशेने बघत असले, तरीही नाही. आणि तयार झालेली प्रत्येक सायकल देण्यापूर्वी पुढचे चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळून बघ, दोन्ही ॲक्सलचे नट तपास, ब्रेक दाबून सायकल पुढे ढकल, आणि मग स्वतः चालव. हे दुसऱ्या कोणी केले आहे असे ऐकले तरी तू पुन्हा कर.

स्वतःची अवजारे लगेच सगळी घेऊ नकोस. पहिल्या मानधनातून कोनचे चपटे पाने, १३-१४ आणि १५-१६ मापाचे, आणि एक चांगली निपल की घे. स्वस्त निपल की निपलचे कोपरे खाते, म्हणून तिच्यात काटकसर नको. त्यानंतर एल-कीचा संच, मग चेन तोडायचे अवजार. हातोडी आणि पाइप वर्कशॉपमध्ये आहेत. दोनशे पानी वही मात्र पहिल्याच दिवशी आण, आणि प्रत्येक सायकलीसाठी तीन गोष्टी लिही: मालक काय म्हणाला, तुला काय सापडले, आणि ती परत आली तर कशासाठी आली. दर शनिवारी काम आटोपल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे ये. परत आलेल्या सायकलींची पाने आपण बसून वाचू.

कळावे.

तुझा हितचिंतक